ती चिठ्ठी कुठे आहे?

दिवाळीची सुट्टी लागण्याआधी चार दिवस आमच्या शाळेच्या आवारात मुले मातीचा किल्ला करतात. दरवर्षी बहुधा रायगड होतो, नाहीतर सिंधुदुर्ग. कारण आमची मुले समुद्रकाठची, आणि पाण्यातला किल्ला म्हटला की त्यांचे हात अधिक चालतात. तीन वर्षांपूर्वी मात्र आठवीच्या वर्गाने हट्ट धरला, की यंदा शनिवारवाडा करावयाचा. विटांचे तुकडे आणले, वाळू आणली, दिल्ली दरवाजाला पुठ्ठ्याच्या झडपा लावल्या आणि त्यांवर काड्यापेटीतल्या काड्यांचे खिळे बसवले. वाडा झाला तेव्हा आत नारायणराव हवा, राघोबादादा हवा, गारदी हवेत. आणि एका कोनाड्यात, चिंधीचे लुगडे नेसलेली, हातात बोरू घेतलेली आनंदीबाईही हवी. एक मुलगा कोपऱ्यात उभा राहून 'काका, मला वाचवा' असे इतक्या जीव तोडून ओरडत होता, की स्वयंपाकघरातून खिचडी शिजवणाऱ्या बाई धावत आल्या.

मी कौतुकाने पाहत होतो. इतक्यात एका मुलीने विचारले, "सर, धचा मा केलेली ती चिठ्ठी आता कुठे आहे?"

मी म्हटले, "पुण्याला असेल. दप्तरात."

"तुम्ही पाहिली आहे?"

मी नाही म्हटले. ती गप्प बसली. पण ती गप्प बसली म्हणून प्रश्न गप्प बसला नाही. वीस वर्षे मी ही गोष्ट वर्गात सांगत आलो होतो. इतकेच नव्हे, तर माझ्या पहिल्या कादंबरीत मी एक प्रकरणच्या प्रकरण त्या चिठ्ठीवर खर्ची घातले होते. समईचा उजेड, बाहेर पाऊस, आणि आनंदीबाईंचे थरथरणारे बोट. कागदाचा रंगसुद्धा मी वर्णन केला होता. आणि तो कागद मी पाहिलेला तर नव्हताच, पण दुसऱ्या कोणी पाहिला आहे काय, हेही मी कधी विचारले नव्हते. मॅट्रिकपुढे न गेलेल्या मास्तराला पंडितांच्या दारी जाण्याची भीती वाटते हे खरे. परंतु ह्या प्रश्नाला भीती नव्हे, आळस कारण होता.

घडले ते थोडक्यात सांगतो. थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला वारले. त्यांचा धाकटा भाऊ नारायणराव पेशवा झाला. काका रघुनाथराव, म्हणजेच राघोबादादा, ह्यांना गादीची आस फार दिवसांची. माधवरावांनी त्यांना नजरकैदेत ठेवले होते आणि नारायणरावाच्या कारकिर्दीतही ती कैद पुन्हा शनिवारवाड्यातच आली. एकाच वाड्यात पुतण्या धनी आणि काका बंदिवान! ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाचे अखेरचे दिवस चालू असताना, भरदुपारी गारदी थकलेल्या पगाराचा गलका करीत वाड्यात घुसले. सुमेरसिंग, खरकसिंग, महंमद इसफ ही त्यांच्या म्होरक्यांची नावे. नुकतीच अठरा वर्षे पूर्ण झालेला पेशवा काकांच्या दालनाकडे धावला आणि काकांना मिठी मारून बसला. तिथेच त्याला तोडला. चापाजी टिळेकर नावाचा सेवक धन्याच्या अंगावर आडवा पडला, तोही मेला. त्या दिवशी वाड्यात अकरा माणसे आणि एक गाय मेली असे सांगतात.

आता आमच्या पालीचा ह्याच्याशी संबंध काय, असे वाचक विचारील. संबंध आहे. आमचे गाव धारावी बेटावर आहे. (मुंबईची धारावी ती ही नव्हे. ही भाईंदरच्या पश्चिमेची, उत्तन, चौक, डोंगरी, राई-मुर्धे ह्या गावांची.) ह्या धारावीसाठी वसईच्या मोहिमेत मराठे आणि फिरंगी पुन्हा पुन्हा झुंजले. चौकच्या टेकडीवर त्या किल्ल्याच्या खुणा आजही आहेत. चिमाजीअप्पांनी १७३९ च्या मे महिन्यात वसई घेतली. तेही काकाच, थोरल्या बाजीरावांच्या मुलांचे काका. चिमाजीअप्पांनी जिंकलेला हा मुलूख घालवायला दुसरा काका कारण झाला. नारायणरावाच्या खुनानंतर पुण्यात बारभाईंनी रघुनाथरावांविरुद्ध कारभार हाती घेतला, घर फुटले, आणि मुंबईच्या इंग्रजांनी ती संधी साधून १७७४ च्या डिसेंबरअखेर ठाण्याचा किल्ला घेतला. ठाण्याबरोबर साष्टी गेली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई मराठ्यांना परत मिळाली, साष्टी मिळाली नाही. म्हणजे शनिवारवाड्यातल्या त्या दुपारी जे घडले, त्याने आमच्या पणजोबांच्या पणजोबांचा धनी बदलला. मी मुलांना हे सांगितले तेव्हा ती किल्ल्यातल्या बाहुल्यांकडे जरा निराळ्या नजरेने पाहू लागली.

असो. आपण चिठ्ठीकडे वळू.

चिठ्ठीची हकीकत अशी, की रघुनाथरावांनी गारद्यांना 'नारायणरावास धरावे' असे लिहून दिले होते. त्या 'धरावे'चे 'मारावे' कोणीतरी केले. नुसता ध बदलून भागत नाही, वर एक कानाही द्यावा लागतो. पण म्हणीला तेवढा तपशील कशाला? ही हकीकत छापील रूपात लोकांपुढे ठळकपणे आली ती ग्रँट डफच्या इतिहासाने. हा साहेब पेशवाई बुडाल्यावर साताऱ्याला रेसिडेंट होता आणि त्याचा ग्रंथ १८२६ साली विलायतेत निघाला. त्याच्या म्हणण्याचा आशय असा: रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून रघुनाथरावांना दोषी ठरवले, रघुनाथरावांनी धरण्याचा हुकूम दिल्याचे कबूल केले, मारण्याचा नव्हे, पुढे मूळ कागद रामशास्त्र्यांच्या हाती आला आणि त्यात अक्षर बदललेले दिसले, आणि हा बदल आनंदीबाईने केला असे सारे लोक मानतात.

सारे लोक मानतात! त्रेपन्न वर्षांनंतर लिहिणाऱ्या माणसाने ह्या शेवटच्या वाक्याखाली एकही कागद ठेवलेला नाही. परंतु त्या ग्रंथाचे मराठी भाषांतर 'मराठ्यांची बखर' ह्या नावाने लवकरच झाले आणि पोरांच्या हाती गेले. मग नाटके आली, कादंबऱ्या आल्या. १९४४ साली प्रभातचा 'रामशास्त्री' बोलपट आला आणि त्यातल्या ललिता पवारांच्या आनंदीबाईने घरोघरच्या बायकांनी बोटे मोडली. माझी कादंबरी ही त्या लांबलचक माळेतली अगदी शेवटची आणि अगदी फुटकी मणी.

कागद मागण्याची पहिली हिंमत केली ती एका विद्यार्थ्याने. नीलकंठ जनार्दन कीर्तने ह्या तरुणाने १८६७-६८ च्या सुमारास ग्रँट डफच्या बखरीवर टीका लिहिली. साहेबाने ज्या हस्तलिखितांवरून इतिहास रचला, त्यांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीत ठेवल्या असे त्याने आपल्या ग्रंथात सांगितले होते. पुढे शोधणाऱ्यांना त्या तिथे सापडल्या नाहीत. म्हणजे इतिहास छापील मिळाला आणि आधार हरवला. मग १८७८ पासून 'काव्येतिहाससंग्रह' मासिकातून विष्णुशास्त्री चिपळूणकर, काशीनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक ह्यांनी जुन्या बखरी आणि पत्रे छापायला घेतली.

परंतु माझे मन ज्यांच्यापाशी थांबते ते वासुदेवशास्त्री खरे. हे मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवीत. नाटके लिहीत, कविता करीत; आणि शाळा सुटली की पटवर्धन सरदारांच्या दप्तरातले मोडी कागद वाचीत. १८९७ पासून त्यांनी 'ऐतिहासिक लेखसंग्रह' काढायला सुरुवात केली आणि १९२४ साली मृत्यू येईपर्यंत ते काम सोडले नाही. जो शाळामास्तर आहे त्यालाच ह्यातले कष्ट कळतील. दिवसभर घसा फोडायचा, वह्या तपासायच्या, आणि मग तेलाच्या दिव्याखाली दीडशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाचे वळणदार, एकमेकांत गुंतलेले, शब्द न तोडता धावणारे अक्षर लावायचे. पत्रावर साल नसते. 'छ' असे अक्षर, पुढे चंद्राचा आकडा आणि जमादिलाखर, रजब असा मुसलमानी महिना, एवढेच. साल आतल्या मजकुरावरून ताडायचे: अमुक स्वारी चालू आहे, तमका सरदार अजून जिवंत आहे, त्या अर्थी हे पत्र ह्या वर्षाचे. हे एका पत्राचे झाले. खरेशास्त्र्यांनी अशी हजारो लावली.

आणि ह्या मास्तरांच्या हाती काय यावे? पटवर्धनांची माणसे पुण्यात असत आणि दरबारची खबर धन्याला लिहून पाठवीत. ती पत्रे काही इतिहास म्हणून लिहिलेली नव्हती. पुण्यात काय चालले आहे, कोण कोणाच्या बाजूला आहे, आपण सावध कसे राहावे, एवढ्यासाठी लिहिलेली. म्हणून तर ती मोलाची! नाटक करणाऱ्यांचे प्रेक्षक असतात, पत्र लिहिणाऱ्या कारकुनाला एकच वाचक असतो आणि तो पगार देतो.

मुख्य खजिना मात्र पुण्याला कुलपात होता. १८१८ साली राज्याबरोबर पेशव्यांचे दप्तरही इंग्रजांच्या हाती गेले. तीस हजारांवर रुमाल. (रुमाल म्हणजे कागद बांधून ठेवलेले फडक्याचे गाठोडे.) १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला बळ आले. त्या कमिशनने हे कागद उलथेपालथे केले. कोणाचे इनाम खरे, कोणाचे खोटे, हे ठरवायला. ज्या कागदावरून सरकार इनाम काढून घेऊ शकते, त्याच कागदावरून रयत ते परतही मागू शकते. तेव्हा सरकारने दार लावून घेतले यात नवल नाही. खुनाचा शोध करू इच्छिणारा आणि जमिनीचा दावा करू इच्छिणारा, दोघेही साहेबाच्या दृष्टीने सारखेच संशयित! न्यायमूर्ती रानड्यांसारख्या वजनदार माणसाने खटपट केली तेव्हा गणेश चिमणाजी वाड ह्यांनी पेशव्यांच्या रोजनिशांतून काढलेले वेचे बाहेर पडले. ते खंड १९०२ पासून निघू लागले. पण वेचे म्हणजे दुसऱ्याने वाढलेले ताट. आपल्याला हवी ती भाजी त्यात असेलच असे नाही.

राजवाड्यांसारख्या माणसाला वाढलेल्या ताटाची सवय नव्हती. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे गावोगाव हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवर चढले, वाण्यांच्या पुड्या सोडून पाहिल्या. वाईकडे मिळालेल्या पत्रांचा त्यांचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे बावीस खंड झाले. १९१० साली त्यांनी खंडेराव मेहेंदळ्यांच्या साथीने पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापले. ज्या शहरात पेशव्यांचे दप्तर कुलपात, त्याच शहरात लोकांनी आपल्या घरचे कागद आणून दुसरे दप्तर उभे केले, हा मला इतिहासातला फार मोठा विनोद वाटतो.

दार उघडले ते १९२९ साली. बंगालचे जदुनाथ सरकार पाठीशी लागले आणि मुंबई सरकारने गोविंद सखाराम सरदेसायांना दप्तरात बसवले. सरदेसाई बडोद्याच्या राजवाड्यात राजपुत्रांना शिकवून निवृत्त झालेले, म्हणजे तेही मास्तरच, वय चौसष्ट. १९३० ते १९३४ ह्या काळात त्यांनी पेशवे दप्तराचे पंचेचाळीस भाग छापले. पुण्याला जाताना लोणावळ्यापुढे कामशेत स्टेशन लागते, तिथे त्यांचे उतारवय गेले. १९५९ साली ते वारले. मी त्या स्टेशनावरून जाताना खिडकीबाहेर पाहिल्यावाचून राहत नाही. गाडी बहुधा तिथे थांबत नाही.

आता मुद्द्याचा प्रश्न. ह्या साऱ्यांना सापडले काय?

पुष्कळ सापडले. कट एका रात्रीत शिजलेला नव्हता, हे कळले. सरदेसायांनी कागदांवरून दिलेला आकडा असा, की बारभाईंच्या चौकशीत ४९ माणसे ह्या ना त्या नात्याने गुंतलेली ठरली. त्यांत गारदी थोडे. कारकून, आश्रित, नोकर हेच बहुत. आम्ही लहानपणी गारदी म्हणजे कोणी परके, मिशाळ राक्षस समजत होतो. वाड्यातल्याच माणसांची ही एवढी लांब यादी त्या समजुतीला जागा ठेवीत नाही. तुळाजी पवार हा रघुनाथरावांच्या पदरचा नोकर; त्याचे नाव ह्यात ठळक आहे. पुढच्या काही वर्षांत महंमद इसफ, खरकसिंग, तुळाजी हे एकेक पकडले गेले आणि त्यांना देहान्त शिक्षा झाल्या. इंग्रजांकडूनही साक्ष आली: त्या वेळी पुण्यात मॉस्टिन हा त्यांचा वकील होता. त्याची १७७२ ते १७७४ ची रोजनिशी मुंबईच्या झेवियर कॉलेजातले फादर जेन्स आणि बाणाजी ह्या दोघांनी १९३४ साली छापली. हेही मला आमच्या गावाच्या दृष्टीने बरे वाटते. आमच्याकडे पाद्री म्हटला की प्रार्थनेचे पुस्तक डोळ्यांपुढे येते, पेशव्याच्या खुनाच्या दिवसाची रोजनिशी येत नाही.

चिठ्ठी मात्र सापडली नाही. मूळ नाही, नक्कल नाही. सरकारी दप्तरात नाही, पटवर्धनांकडे नाही. नाना फडणवीसांचे मेणवलीचे कागद दत्तात्रेय बळवंत पारसनिसांनी मिळवले. त्यांचा संग्रह पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. त्यातूनही ती चिठ्ठी कोणी दाखवलेली नाही.

इथे मी माझा मास्तरी तर्क चालवतो; वाचकांनी तो तर्क म्हणूनच घ्यावा. समजा, ती चिठ्ठी रामशास्त्र्यांच्या हाती खरोखर आली. बारभाई रघुनाथरावांना खुनी म्हणून साऱ्या हिंदुस्थानात जाहीर करीत होते. त्यांच्याविरुद्ध इंग्रजांशी, निजामाशी लिहिणे चालू होते. असा कागद हाती असता तर नानांनी त्याच्या नकला दरबारोदरबारी पाठवल्या नसत्या काय? पण दुसऱ्याच क्षणी मनात येते, की पाठवल्या नसत्या! कारण ती चिठ्ठी नीट वाचली तर ती रघुनाथरावांना निम्मी वाचवते. त्यांनी धरावे लिहिले, मारावे दुसऱ्याने केले. जो कागद शत्रूला निम्मा सोडवतो तो कोण मिरवील? मग ही गोष्ट सोयीची कोणाला? रघुनाथरावांच्या बाजूला. नवऱ्याचे पाप अर्धे करून बायकोच्या ओटीत घालणारी गोष्ट ही. पण त्यांचाच मुलगा दुसरा बाजीराव १७९६ पासून १८१८ पर्यंत पेशवा होता. आनंदीबाई त्याची सख्खी आई. तो आपल्या आईची ही बदनामी कशी पसरू देईल? आणि ह्या साऱ्याच्या पलीकडे एक साधी शंका: पेशव्याला धरण्याचा कट करणारा माणूस, स्वतः कैदेत असताना, तो हुकूम कागदावर लिहून देईल काय? गारद्यांना लेखी हमी हवी असेल, हे खरे. पगाराच्या माणसाला कागद हवा असतो. मी ह्या चक्रात कित्येक रात्री फिरलो आणि जिथून निघालो तिथेच परत आलो.

आनंदीबाईंचे पुढचे आयुष्य मात्र कागदांवर आहे. १० जानेवारी १७७५ रोजी धारला त्यांनी बाजीरावाला जन्म दिला, नवरा मुलूख सोडून पळत असताना. १७८३ च्या डिसेंबरात कोपरगावी रघुनाथराव वारले. पुढे पुणे दरबारच्या पहाऱ्यात मुलांसह राहून १७९४ साली त्यांनीही डोळे मिटले. 'धचा मा' एवढ्या दोन अक्षरांत बसवलेली बाई वीस वर्षे अशी फरफटली, हे माझ्या कादंबरीत एका ओळीनेही नव्हते.

अशी गोष्ट आपल्याकडेच घडते असे नाही. लंडनमध्ये १८८८ साली बायकांचे खून पाडणारा जो कोणी 'जॅक द रिपर' होता, त्याचे हे नाव ज्या पत्रामुळे पडले ते पत्र पोलिसांच्या कागदांतून नाहीसे झाले होते. ते १९८७ साली कोणीतरी निनावी टपालाने परत पाठवले. म्हणजे चोरणारा कोण हाही एक वेगळाच न उलगडलेला गुन्हा! त्याच काळातल्या गुप्त पोलिसांच्या जुन्या वह्या पाहू द्या, म्हणून एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्याने माहितीच्या कायद्याखाली दाद मागितली. २०११ साली त्याला नकार मिळाला. खबऱ्यांची नावे फुटली तर पुढे कोणी खबर देणार नाही, असे पोलिसांचे म्हणणे. सव्वाशे वर्षांपूर्वी मेलेल्या खबऱ्यांची! पण आपल्या इनाम कमिशनची आठवण ठेवली की ह्याचे हसू येत नाही. कागद मेलेल्या माणसांविषयी असतो. भीती जिवंतांची असते.

त्या जिवंत भीतीचा अनुभव मलाही आला. मुलीच्या प्रश्नानंतरच्या उन्हाळ्यात कळले, की घाटावरच्या एका जुन्या घराण्याच्या वाड्यात पेशवाईतले कागद आहेत. घराचे आणि गावाचे नाव मी सांगत नाही. गेलो. मालक वृद्ध, मी त्यांना आदराने काका म्हटले. चहा दिला, पोहे दिले, माडीवरची पेटी लांबून दाखवली. "काका, एकदा उघडू द्या," मी म्हटले. ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही लिहिणारी माणसे. आत काय आहे ते मलाच ठाऊक नाही. काही भलते निघाले तर?" मी संध्याकाळच्या एसटीने परतलो. 'काका' ह्या हाकेचा उपयोग नारायणरावाला झाला नाही, मला कुठून होणार! परंतु वाटेत विचार केला, तेव्हा त्यांचा राग आला नाही. आनंदीबाईचे आम्ही लेखकांनी काय केले हे त्यांनी पाहिलेलेच होते.

पुण्याच्या पुरालेखागारात मात्र कोणी अडवले नाही. अर्ज लिहिला, विषय लिहिला, ओळखपत्र दाखवले. ज्या दारासाठी थोरामोठ्यांनी अर्जांवर अर्ज केले तिथे मला, भाईंदरहून सकाळची गाडी पकडून आलेल्या मास्तराला, बसायला खुर्ची मिळाली. समोर रुमाल आला. गाठ सोडली. जाड, पिवळसर कागद. शाई इतकी काळी, की कालच लिहिल्यासारखी. आणि मला एक अक्षरही लागेना! मोडी येत नव्हती. कडीकुलपे गेली आणि अडसर माझ्याच डोळ्यांत निघाला. शेजारच्या टेबलावर एक तरुण मुलगी भिंग घेऊन वाचीत होती. तिने माझी फजिती पाहिली आणि न विचारता पहिल्या चार ओळी वाचून दाखवल्या. कोठीचा हिशेब होता तो. तूप, तेल, गूळ.

मी त्या वर्षी मोडीच्या वर्गाला नाव घातले. आठवड्याला एक दिवस, पोरासोरांच्या बरोबरीने. दुसऱ्या वर्षी अक्षर लागू लागले. ध आणि मा हे दोन्ही मी पाने भरभरून गिरवले आहेत, त्या मोहापासून मी सुटलो नाही. हिशेब वाचता येतात, पत्रांत अजून अडखळतो. चिठ्ठी मिळेल अशी आशा मी धरीत नाही. पण रुमाल सोडताना दर वेळी हात जरा थबकतो, हे कबूल केले पाहिजे.

कादंबरीची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा प्रकाशकांना ते प्रकरण काढा म्हणालो. ते म्हणाले, "तेच तर लोकांना आवडते." प्रकरण राहिले. मी प्रस्तावनेत चार ओळी लिहिल्या. प्रस्तावना कोण वाचतो?

ज्या मुलीने प्रश्न विचारला ती यंदा अकरावीत गेली. गेल्या आठवड्यात किल्ल्याची माती चाळायला धाकट्या भावाबरोबर शाळेत आली होती. यंदा पुन्हा शनिवारवाडाच आहे. जुनी आनंदीबाई खोक्यातून निघाली, तिच्या हातात बोरू अजून तसाच. तिने तो काढून टाकला, मग काही वेळ बाहुलीकडे पाहत राहिली. "सर, हातात काय देऊ?" मी म्हटले, धारला मूल झाले तिला, ते दे. तिने चिंधीचे मूल करून दिले. ते फार मोठे झाले, बाहुलीच्या निम्म्याएवढे. पण भावाने तेच ठेवा म्हणून हट्ट धरला.

भाऊबीज झाली की मी दोन दिवस पुण्याला जाणार आहे. ह्या खेपेस तीही यायचे म्हणते. आईची परवानगी मिळाली आहे, वडील अजून होडीवर आहेत, ते परतले की कळेल.